‘बस’ हा प्रत्यय कुठून आला? इंग्रजी वाक्यांतून लॅटिन विभक्तींची ओळख

रोज लाखो लोक ज्या वाहनातून प्रवास करतात त्याला आपण ‘बस’ म्हणतो. हा शब्द म्हणजे मुळात एका लॅटिन विभक्तिप्रत्ययाचा उरलेला तुकडा आहे. १८२०च्या दशकात फ्रान्समधील नांत शहरात, भाडे भरून कोणालाही बसता येईल अशा घोडागाड्या सुरू झाल्या आणि त्यांना ‘ओम्निबुस’ हे नाव पडले. लॅटिनमध्ये ‘ओम्निस’ म्हणजे ‘सर्व’ आणि ‘ओम्निबुस’ म्हणजे ‘सर्वांसाठी’. यातील ‘ओम्नि’ हे शब्दाचे मूळ आणि ‘बुस’ हा ‘साठी’चा अर्थ देणारा अनेकवचनी प्रत्यय. पुढे इंग्रजीने हा शब्द आखूड केला तेव्हा मूळ गळून पडले आणि प्रत्यय तेवढा शिल्लक राहिला. ‘सर्वांना’ या शब्दातील ‘सर्व’ टाकून द्यावे आणि नुसत्या ‘ना’लाच गाडीचे नाव करावे, तसे हे झाले.

शाळेत ‘रामाय रामाभ्यां रामेभ्यः’ पाठ केलेल्यांसाठी यात आणखी एक ओळखीची खूण आहे. ‘रामेभ्यः’मधला ‘भ्यः’ आणि ‘ओम्निबुस’मधला ‘बुस’ हे एकाच प्राचीन मूळ भाषेतून आलेले नातलग आहेत. तरीही लॅटिन शिकायला बसलेला मराठी माणूस पहिल्या आठवड्यातच विभक्तींच्या तक्त्यांपाशी अडखळतो, कारण पाठ्यपुस्तक बहुधा इंग्रजीत असते आणि इंग्रजीत तर विभक्ती दिसतच नाहीत. त्या तेथे लपलेल्या आहेत. त्या कशा शोधायच्या हे कळले की तक्ते पाठ करण्याचे ओझे बरेच हलके होते.

विभक्ती नेमके काय सांगते

वाक्यातील प्रत्येक नामाला काही ना काही काम असते. कोणी क्रिया करतो, कोणावर ती घडते, कोणाला तिचा लाभ होतो, कशाच्या साहाय्याने किंवा कोठे ती होते. या कामाला आपल्या व्याकरणात कारक म्हणतात, आणि ते काम दाखवण्यासाठी नामाचे जे रूप बदलते त्याला विभक्ती म्हणतात. काम वेगळे आणि कामाची खूण वेगळी, हा भेद पाणिनीच्या परंपरेने फार काटेकोरपणे जपला आहे, आणि लॅटिन शिकताना त्याच्याइतका उपयोगी दुसरा भेद मला आढळलेला नाही.

फुटबॉलचा सामना डोळ्यांसमोर आणा. गोलरक्षकाचा पोशाख इतरांपेक्षा वेगळ्या रंगाचा असतो, म्हणून तो गोल सोडून मैदानाच्या मध्यापर्यंत धावत आला तरी कोणाचा घोटाळा होत नाही. आता सर्वांना एकसारखे कपडे घातले, तर गोलरक्षक कोण हे केवळ तो कोठे उभा आहे यावरून ठरवावे लागेल, आणि मग त्याला जागा सोडण्याची मुभा उरणार नाही. लॅटिनचे नाम पोशाखावरून ओळखले जाते, इंग्रजीचे जागेवरून.

‘द डॉग बाइट्स द मॅन’ या वाक्यात चावणारा कुत्रा आहे हे आपल्याला कळते, कारण ‘डॉग’ क्रियापदाच्या आधी आहे. दोन नामांची अदलाबदल केली तर माणूस कुत्र्याला चावतो. लॅटिनमध्ये हेच वाक्य ‘कानिस विरुम मोर्देत’ असे होईल. येथे ‘कानिस’ म्हणजे कुत्रा, हे कर्त्याचे रूप. ‘विरुम’ हे ‘विर’ म्हणजे माणूस या शब्दाचे कर्माचे रूप. आता ‘विरुम कानिस मोर्देत’ असे उलटे म्हटले तरी चावणारा कुत्राच राहतो, फक्त माणसावर थोडा अधिक भर येतो. माणसाला चावायला लावायचे असेल तर जागा बदलून भागत नाही, पोशाख बदलावा लागतो: ‘विर कानेम मोर्देत’. मराठीत आपण ‘माणसाला कुत्रा चावला’ आणि ‘कुत्रा माणसाला चावला’ असे दोन्ही सहज बोलतो, म्हणून हे स्वातंत्र्य आपल्याला नवे नाही.

इंग्रजीत विभक्ती कोठे शिल्लक आहेत

इंग्रजीतही एके काळी विभक्ती होत्या. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामाला प्रथमा, द्वितीया, चतुर्थी आणि षष्ठी अशी वेगवेगळी रूपे होती. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजले आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमाने व ‘टू’, ‘ऑफ’, ‘विथ’ अशा शब्दांनी उचलले. नामांवर आज एकच खूण उरली आहे, ती ‘बॉयज बुक’मधली मालकी दाखवणारी ‘स’ची, ती जुन्या षष्ठीचीच वंशज आहे.

सर्वनामांनी मात्र जुना पोशाख टाकला नाही. ‘ही’ हा कर्ता, ‘हिम’ हे कर्म, ‘हिज’ ही षष्ठी. तसेच ‘हू’, ‘हूम’, ‘हूज’. इंग्रजी बोलणारा कोणीही ‘हिम सॉ ही’ असे म्हणणार नाही, म्हणजे विभक्तीची जाण त्याच्या कानात आहे. यावरून एक सोपी परीक्षा तयार होते: इंग्रजी वाक्यातील नाम काढा आणि त्या जागी पुल्लिंगी सर्वनाम ठेवून पाहा. ‘ही’ बसले तर लॅटिनमध्ये प्रथमा, ‘हिज’ बसले तर षष्ठी, ‘हिम’ बसले तर द्वितीया किंवा चतुर्थी. सर्वनाम पुल्लिंगीच घ्यावे, कारण निर्जीव वस्तूंसाठीचे ‘इट’ कर्ता असो वा कर्म, बदलत नाही. हाही जुना वारसाच आहे. संस्कृतात ‘फलम्’ प्रथमेत आणि द्वितीयेत सारखेच राहते, आणि लॅटिनमधील प्रत्येक नपुंसकलिंगी नामाचा तोच नियम आहे.

‘हिम’पाशी दोन पर्याय का उरतात, याचेही उत्तर इतिहासात आहे. जुन्या इंग्रजीत ‘हिम’ हे चतुर्थीचे रूप होते आणि द्वितीयेसाठी ‘हिने’ असे वेगळे रूप होते. नंतर ‘हिने’ मागे पडले आणि ‘हिम’ दोन्ही कामे करू लागले. मराठीच्या ‘ला’नेही द्वितीया आणि चतुर्थी अशीच एकत्र बांधली आहे, म्हणून या एका ठिकाणी इंग्रजीचा आणि मराठीचा असे दोन्ही आधार अपुरे पडतात.

एक वाक्य उलगडून पाहू

लॅटिन व्याकरणात सहा मुख्य विभक्ती मानतात: नॉमिनेटिव्ह म्हणजे आपली प्रथमा, ॲक्युझेटिव्ह म्हणजे द्वितीया, डेटिव्ह म्हणजे चतुर्थी, जेनिटिव्ह म्हणजे षष्ठी, व्होकेटिव्ह म्हणजे संबोधन, आणि सहावी ॲब्लेटिव्ह, जिला मराठीत एका शब्दात प्रतिशब्द नाही. यापुढे पहिल्या पाचांसाठी मराठी नावेच वापरतो.

‘द टीचर गिव्हज द गर्ल्स ब्रदर अ बुक इन द गार्डन’ हे वाक्य घेऊ. प्रथम क्रियापद शोधावे, कारण नामांना कामे वाटून देणारे तेच असते. येथे क्रिया देण्याची आहे. देणारा कोण? शिक्षक, म्हणून ‘मागिस्तेर’, प्रथमा. दिले काय? पुस्तक, ‘लिबेर’ या शब्दाची द्वितीया ‘लिब्रुम’. कोणाला? भावाला, ‘फ्रातेर’ची चतुर्थी ‘फ्रात्री’. कोणाच्या भावाला? मुलीच्या, ‘पुएल्ला’ची षष्ठी ‘पुएल्लाय’. कोठे? बागेत, ‘इन होर्तो’, येथे ‘होर्तुस’ या शब्दाची ॲब्लेटिव्ह. पूर्ण वाक्य झाले ‘मागिस्तेर इन होर्तो फ्रात्री पुएल्लाय लिब्रुम दात’.

या इंग्रजी वाक्यात ‘ब्रदर’च्या आधी ‘टू’ नाही. ‘गिव्हज अ बुक टू द ब्रदर’ असेही तेच वाक्य लिहिता आले असते, आणि इंग्रजीतील रचना बदलूनही लॅटिनमध्ये ‘फ्रात्री’ तसाच राहिला असता, कारण भावाचे काम बदललेले नाही. म्हणून इंग्रजी वाक्यातील खुणांचे भाषांतर न करता त्यांच्यामागील कामाचे भाषांतर करायचे असते.

संबोधन राहिले, तर ते फार वेळ घेत नाही. बहुतेक नामांत ते प्रथमेसारखेच असते. ‘-उस’ने संपणाऱ्या पुष्कळ पुल्लिंगी नामांत मात्र शेवटी ‘ए’ येतो. ब्रूटसला उद्देशून सीझरच्या तोंडी घातलेल्या प्रसिद्ध उद्गारात ‘ब्रूते’ असे रूप येते ते यामुळेच.

‘टू’, ‘विथ’ आणि ‘ऑफ’ दिशाभूल का करतात

अनेक पाठ्यपुस्तके सुरुवातीला एक सोयीचे कोष्टक देतात: ‘ऑफ’ दिसले की षष्ठी, ‘टू’ दिसले की चतुर्थी, ‘विथ’ दिसले की ॲब्लेटिव्ह. पहिले दोन दिवस ते चालते, आणि नंतर महिनाभर चुका करायला लावते. इंग्रजीतील हे छोटे शब्द पुष्कळ झिजलेले आहेत, आणि झिजलेल्या नाण्यावर आकडा वाचता येत नाही, तसे यांच्यावरून अर्थ नेमका ठरत नाही.

‘टू द गर्ल’ आणि ‘टू द सिटी’ या दोहोंत ‘टू’ आहे. मुलीला काही दिले तर ती घेणारी आहे, म्हणून चतुर्थी. शहराकडे गेले तर शहर हे गतीचे लक्ष्य आहे, आणि त्यासाठी लॅटिन ‘आद उर्बेम’ असे म्हणते. ‘आद’ म्हणजे ‘कडे’, आणि त्याच्यापुढे द्वितीया येते. मराठीत प्रश्न विचारून पाहिला की फरक लगेच दिसतो: ‘कोणाला?’ की ‘कोठे?’

‘विथ’चे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. ‘शी कट्स ब्रेड विथ अ नाइफ’ आणि ‘शी कट्स ब्रेड विथ अ फ्रेंड’ ही दोन वाक्ये इंग्रजीत तंतोतंत एका साच्याची आहेत. सुरी हे साधन आणि मैत्रीण ही सोबत, हा भेद वाचणाऱ्याने आपल्या समजुतीने करायचा. मराठीत आपण ‘सुरीने’ आणि ‘मैत्रिणीबरोबर’ असे दोन निराळे प्रकार वापरतो. ‘मैत्रिणीने पाव कापते’ असे कोणी म्हणत नाही. लॅटिनही हाच भेद करते: साधनासाठी नुसती ॲब्लेटिव्ह, ‘कुल्त्रो पानेम सेकात’, सोबतीसाठी ‘कुम’ हा शब्द जोडून ॲब्लेटिव्ह, ‘कुम आमीका पानेम सेकात’. इंग्रजी वाक्य मनात एकदा मराठीत आणले की ‘कुम’ घालायचा की नाही हा प्रश्न आपोआप सुटतो. ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे त्यांना ही सोय नाही.

‘ऑफ’ही असाच फसवतो. ‘द सिटी ऑफ रोम’ला षष्ठी लावावीशी वाटते, पण लॅटिन ‘उर्ब्स रोमा’ असे म्हणते आणि दोन्ही नामे एकाच विभक्तीत ठेवते. शहर रोमच्या मालकीचे नाही. शहर म्हणजेच रोम. मराठीतही आपण ‘रोम शहर’ म्हणतो, ‘रोमचे शहर’ म्हणत नाही. ‘वन ऑफ द सोल्जर्स’ हे लॅटिनमध्ये बहुधा ‘ऊनुस एक्स मीलितिबुस’ असे होते, म्हणजे सैनिकांपैकी, सैनिकांतून एक. आणि येथे शेवटी आपला ‘बुस’ पुन्हा भेटतो.

ॲब्लेटिव्ह: एका छपराखाली तीन विभक्ती

संस्कृत शिकलेल्या वाचकाने एव्हाना मनात मोजणी केली असेल: संबोधन धरून आठ विभक्ती असायला हव्यात, लॅटिनमध्ये सहाच का? तृतीया आणि सप्तमी कोठे गेल्या? त्या पंचमीच्या घरी राहायला गेल्या. ‘पासून’ सांगणारी पंचमी, ‘ने’ सांगणारी तृतीया आणि ‘त’ सांगणारी सप्तमी यांची रूपे काळाच्या ओघात एक झाली आणि त्या एकत्र कुटुंबाला ॲब्लेटिव्ह हे नाव मिळाले. ‘ॲब्लेटिव्ह कशासाठी वापरतात?’ या प्रश्नाला पाठ्यपुस्तकात दहा-पंधरा उत्तरे असतात आणि विद्यार्थी घाबरतो. त्यांतील बहुतेक उत्तरे ‘कशापासून’, ‘कशाने’ आणि ‘कोठे किंवा केव्हा’ या तीन प्रश्नांत बसतात. सप्तमीचे जुने वेगळे रूप मोजक्या शब्दांत टिकून आहे: ‘रोमाय’ म्हणजे रोममध्ये, ‘दोमी’ म्हणजे घरी.

जागेच्या बाबतीत लॅटिन एक नाजूक भेद करते. ‘इन होर्तो कुर्रित’ म्हणजे तो बागेत आहे आणि तेथे धावतो आहे. ‘इन होर्तुम कुर्रित’ म्हणजे तो बाहेरून बागेत धावत शिरतो. शब्द तोच ‘इन’, पण स्थिर जागेसाठी ॲब्लेटिव्ह आणि आत शिरण्यासाठी द्वितीया. इंग्रजीत यासाठी ‘इन’ आणि ‘इंटू’ असे दोन शब्द आहेत, तर मराठीतील ‘बागेत धावतो’ या वाक्यातून यांपैकी काय अभिप्रेत आहे ते सांगता येत नाही. येथे इंग्रजी वाक्याचाच हात धरावा.

रोजच्या वापरातील दोन शब्दप्रयोगांत हा भेद पाहता येतो. इसवी सनासाठी इंग्रजीत ‘ॲनो डॉमिनी’ म्हणतात आणि वार्षिक व्याजदरासाठी ‘पर ॲनम’. दोन्हीकडे शब्द एकच आहे, ‘अन्नुस’ म्हणजे वर्ष. ‘ॲनो’ ही ‘केव्हा’चे उत्तर देणारी ॲब्लेटिव्ह, ‘वर्षी’. ‘डॉमिनी’ ही षष्ठी, ‘प्रभूच्या’. ‘पर’ या शब्दापुढे द्वितीया लागते, म्हणून ‘ॲनम’. आणि तिच्या शेवटचा ‘म’ हा ‘रामम्’मधल्या ‘म्’चा सख्खा नातेवाईक आहे.

एकच रूप अनेक विभक्तींचे असेल तर ओळखायचे कसे

ही शंका रास्त आहे. ‘पुएल्लाय’ हे एकच रूप ‘मुलीचा’, ‘मुलीला’, ‘मुली’ आणि ‘मुलींनो’ असे चार अर्थ देऊ शकते. पोशाखावरून ओळखायचे म्हटले आणि चौघांना एकच पोशाख निघाला, तर ती व्यवस्था कसली, असे कोणीही विचारील.

उत्तर असे की नाम एकटे कधी येत नाही. ‘पुएल्लाय रोसाम दात’ आणि ‘पुएल्लाय रोसाम दान्त’ ही वाक्ये पाहा. ‘रोसाम’ ही गुलाबाची द्वितीया, दोन्हीकडे सारखी. पहिल्यात ‘दात’ हे एकवचन आहे, म्हणून अनेक मुली कर्ता असू शकत नाहीत; देण्याच्या क्रियेला घेणारा हवा असतो, तेव्हा अर्थ होतो ‘तो (किंवा ती) मुलीला गुलाब देतो’. दुसऱ्यात ‘दान्त’ हे अनेकवचन आहे, आणि दुसरा कर्ता दिसत नसल्यामुळे सर्वांत सरळ अर्थ ‘मुली गुलाब देतात’ असा होतो. अर्थ बदलला तो क्रियापदातील एका अनुस्वाराएवढ्या फरकाने. काही वाक्ये तरीही संदिग्ध राहतात, आणि तेथे मागचा-पुढचा संदर्भच निर्णय देतो. मराठीत ‘आईला मुलाला भेटायचे आहे’ या वाक्यात भेटण्याची इच्छा कोणाची, हे ‘ला’ सांगत नाही, तरी आपले व्यवहार अडत नाहीत.

मग मराठीतूनच थेट का शिकू नये

इतक्या ठिकाणी मराठी जवळची ठरते, तर इंग्रजी वाक्यांचा वळसा कशाला, असा आक्षेप येईल. जवळीक खरी आहे, आणि काही वेळा ती चकित करते. इंग्रजीतील ‘आय लाइक इट’ या वाक्यात ‘आय’ कर्ता आहे. लॅटिनमध्ये तेच बहुधा ‘मिही प्लाकेत’ असे येते, शब्दशः ‘मला आवडते’. ‘मला दोन भाऊ आहेत’ हे ‘मिही दुओ फ्रात्रेस सुन्त’ असे मराठीतल्यासारखेच चतुर्थीने म्हणता येते.

पण मराठीच्या दोन सवयी लॅटिनमध्ये नेल्या तर चूक होते. एक म्हणजे ‘ने’. ‘शिक्षकाने पुस्तक दिले’ या भूतकाळी वाक्यात आपण कर्त्याला तृतीयेचा प्रत्यय लावतो. लॅटिनमध्ये काळ कोणताही असो, अशा वाक्यात कर्ता प्रथमेतच राहतो: ‘मागिस्तेर लिब्रुम देदित’. दुसरी सवय म्हणजे निर्जीव कर्माला प्रत्यय न लावणे. आपण ‘पुस्तक देतो’ म्हणतो, ‘पुस्तकाला देतो’ म्हणत नाही. त्यामुळे ‘लिबेर’चे ‘लिब्रुम’ करायला हात विसरतो. इंग्रजीचा कर्ता कोणत्याही काळात कर्ताच राहतो आणि तिचे कर्म आपल्या ठरलेल्या जागी बसते, म्हणून या दोन चुकांवर इंग्रजी वाक्याची परीक्षा हा चांगला उतारा आहे. कर्ता आणि कर्म इंग्रजीवरून ठरवावेत, साधन, सोबत आणि लाभ मराठीवरून. माझा अनुभव असा की या वाटणीने चुका लवकर कमी होतात.

कोशात दोन रूपे का देतात

लॅटिन कोशात ‘राजा’ हा शब्द शोधला तर ‘रेक्स, रेगिस’ अशी दोन रूपे सापडतात, प्रथमा आणि षष्ठी. प्रथमेवरून मूळ अंग कळत नाही. षष्ठीचा ‘-इस’ काढला की ‘रेग्’ हाती येते आणि बाकीचे प्रत्यय त्याला लागतात: ‘रेगी’, ‘रेगेम’, ‘रेगे’. मराठीत ‘पाणी’ला थेट ‘त’ लागत नाही, आधी ‘पाण्या’ असे सामान्यरूप करावे लागते, तोच हा प्रकार आहे. इंग्रजीने लॅटिन शब्द घेतले तेही पुष्कळदा या अंगावरूनच घेतले, म्हणून ‘रेक्स’पासून ‘रीगल’, आणि ‘कोर्पुस, कोर्पोरिस’ म्हणजे शरीर या शब्दापासून ‘कॉर्पोरेशन’.

षष्ठीचे हे रूप ओळखता येऊ लागले की रोगजंतूंची शास्त्रीय नावेही वाचता येतात. पटकीच्या जिवाणूचे नाव ‘व्हिब्रिओ कॉलरी’ आहे. त्यातील दुसरा शब्द लॅटिन लेखनात ‘कोलेराय’, म्हणजे ‘पुएल्ला, पुएल्लाय’ याच चालीवरची षष्ठी, ‘पटकीचा’. ‘ई. कोलाय’मधले ‘कोलाय’ ही ‘कोलोन’ म्हणजे मोठे आतडे या शब्दाची षष्ठी, ‘मोठ्या आतड्याचा’. आणि कुष्ठरोग म्हणजे ‘लेप्रा’ हे ठाऊक असेल, तर ‘मायकोबॅक्टेरियम लेप्री’ या नावातील दुसरा शब्द कोणत्या विभक्तीत आहे, हे आता कोश न उघडता सांगता येईल.